प्रकाशाचं दारं मोडताना: ऑप्टिकल स्विचच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका पोराला मी पहिल्याच आठवड्यात ऑप्टिकल स्विच आणायला उद्यमनगरात पिटाळलं. काय हवंय ते नीट सांगितलं नाही, ही चूक माझी. तासाभराने गडी खुशीत परत आला आणि टेबलावर ठेवला तो मशिनवर बसवायचा सेन्सर. समोरून नग गेला की उजेड अडतो आणि मोजणी एकाने वाढते, तो. दुकानदाराचंही काही चुकलं नव्हतं. फौंड्री आणि मशिन शॉपच्या आमच्या कोल्हापुरात ऑप्टिकल स्विच म्हटलं की बहुतेकांना तोच आठवणार.

त्या पोरासाठी म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांना स्प्लायसिंग (फायबरची टोकं वितळवून जोडणं) येतं, उजेड मोजणारा पॉवर मीटर हाताळता येतो, घराघरात फायबर जोडून झालंय, पण कोरमधला (केबलमधल्या एका काचेच्या धाग्यातला) उजेड एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर वळवणारी वस्तू कधी हातात घेतलेली नाही, अशांना हे उपयोगी पडेल.

पायरी १: आपण नक्की काय मागतोय ते ठरवा

सेन्सर बाजूला ठेवला तरी एक घोळ उरतोच. रॅकमध्ये जो २४ पोर्टचा, एसएफपी मॉड्यूल (उजेड सोडणारा आणि ऐकणारा छोटा भाग) लावलेला नेटवर्क स्विच असतो, त्यालाही बरेच जण ऑप्टिकल स्विच म्हणतात. त्यात फायबर शिरतं हे खरं. पण उजेड आत आला की त्याची वीज होते, पॅकेटचा पत्ता वाचला जातो, कुठल्या पोर्टवर सोडायचं ते ठरतं आणि तिथला दुसरा लेझर नव्याने पेटतो. आलेला उजेड तिथेच संपतो.

उसाला पाणी पाजलेल्या माणसाला हा फरक एका वाक्यात कळतो. पाटाचं पाणी या सरीतून त्या सरीत न्यायचं तर आपण दारं मोडतो: खोऱ्याने चार ढेकळं इकडची तिकडे केली की पाणी आपल्या पायाने पुढे जातं. तेच पाणी बादलीने उपसायचं, गाळायचं, मोजायचं आणि दुसऱ्या पाटात ओतायचं, हे झालं नेटवर्क स्विचचं काम. खरा ऑप्टिकल स्विच फक्त दारं मोडतो.

म्हणूनच त्यातून १ गिगाबिट जातंय की १०० गिगाबिट, इंटरनेट जातंय की केबल टीव्ही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याच्यातून जाणाऱ्या डेटाला तो आयपी विचारत नाही, मॅक विचारत नाही. पण याचीच दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. एकाच कोरमधल्या दोन ग्राहकांचे पॅकेट वेगवेगळे करणं त्याला जमत नाही. कमजोर उजेड बळकट करणं जमत नाही. डेटा खराब आला तर तो खराबच पुढे जाईल, आणि प्रत्येक वेळी थोडा उजेड तो स्वतः खाईल.

मग तो लागतो कुठे? आपल्या पातळीवर मला तीनच ठिकाणं दिसतात. पहिलं, एकाच यंत्राला दोन वाटांनी जोडायचं असतं आणि एक तुटली की आपोआप दुसरी धरायची असते. दुसरं, साखळीतल्या एखाद्या ठिकाणची वीज गेली तर तिथलं यंत्र वगळून उजेड थेट पुढच्याला द्यायचा असतो. याला बायपास म्हणतात. तिसरं, एकच महागडा ओटीडीआर (केबलमधला दोष किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) आठ-सोळा केबलींवर आळीपाळीने फिरवून कुठली कुठे दुखतेय ते ऑफिसात बसून बघायचं असतं.

त्याच्या वरच्या जगात याचे थोरले भाऊ आहेत. मोठ्या कंपन्यांच्या लांब पल्ल्याच्या जाळ्यात एकाच कोरमधून १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात डझनावारी रंग एकत्र धावतात, आणि रोडम नावाची यंत्रणा त्यातला नेमका एक रंग उचलून दुसऱ्या वाटेला लावते. गूगलने आपल्या डेटा सेंटरमध्ये १३६ पोर्टचे आरशांचे स्विच वापरल्याची माहिती २०२२ मध्ये जाहीर केली. हे वाचायला भारी आहे. सोमवारी सकाळी तुमच्या हातात मात्र एकाला दोन फाटे असलेलाच स्विच येणार आहे, तेव्हा आपण त्याच्यावर राहू.

आणि एक स्पष्टच सांगतो, नाहक खर्च करू नका. तुमची रिंग चांगल्या नेटवर्क स्विचची असेल आणि त्यात ईआरपीएस (रिंग एका जागी तुटली की दुसऱ्या बाजूने वाट धरणारी सोय) नीट चालू असेल, तर वाट बदलण्याचं काम तेच करतं. जीपॉनमध्ये, म्हणजे एकच फायबर स्प्लिटरने वाटून अनेक घरांना नेट देतात त्या पद्धतीत, मुख्य केबलला पर्याय हवा असेल तर दोन तोंडांचा स्प्लिटर बसवून दोन पॉन पोर्ट त्याला जोडता येतात. एक चालू, एक झोपलेला. तिथे हलणारा भाग लागतच नाही. ओएलटी (ऑफिसातलं जीपॉनचं मुख्य यंत्र) ती सोय देतो का, तेवढं बघा.

पायरी २: आधी कागदावर लॉस मांडा

नवी पोरं ही पायरी गाळतात आणि मग रात्री अकराला फोन करतात. लॉस म्हणजे वाटेत गेलेला उजेड, आणि तो डीबीत मोजतात. डीबीचा हिशेब भीतीदायक वाटतो, पण तो नुसता बेरजेचा आहे. ३ डीबी गेले म्हणजे उजेड निम्मा झाला. १० डीबी गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला. डीबीएम हे प्रत्यक्ष उजेडाचं माप: १ मिलिवॉट म्हणजे शून्य, आणि त्याखाली मायनस.

एक उदाहरण घेऊ. राजारामपुरीतून शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात केबलने ८ किलोमीटर धरा. मॉड्यूलच्या माहितीपत्रकात लिहिलंय की तो कमीत कमी मायनस ९.५ डीबीएम सोडतो आणि मायनस २० पर्यंत ऐकतो. म्हणजे खर्चायला हातात १०.५ डीबी.

आता खर्च. १३१० नॅनोमीटरच्या तरंगलांबीला किलोमीटरमागे ०.३५ धरला तर फायबरचे २.८. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.५ धरून २. सहा स्प्लाइस, प्रत्येकी ०.१ धरून ०.६. इथवर ५.४ झाले, निम्मं बजेट शिल्लक. आता वाट बदलण्याची सोय घालू. सर्वांत सोप्या पद्धतीत पाठवणाऱ्या टोकाला अर्धा-अर्धा वाटणारा स्प्लिटर असतो. दोन्ही वाटांवर कायम उजेड चालू, आणि घेणाऱ्या टोकाचा स्विच त्यातली एक निवडतो. याला एक अधिक एक म्हणतात. स्प्लिटर ३.५ खातो, स्विच १ खातो. एकूण ९.९. शिल्लक ०.६ डीबी.

लिंक चालेल. बसवल्या दिवशी झकास चालेल. मग एखादा कनेक्टर मळेल, खांबावर एखादा नवा जॉइंट पडेल आणि लिंक लटपटायला लागेल. मी निदान ३ डीबी शिल्लक असल्याशिवाय जोडणी सोडत नाही.

इथे एक गोष्ट बघा: बजेट स्विचने खाल्लेलं नाही, स्प्लिटरने खाल्लंय. स्प्लिटर काढून दोन्ही टोकांना स्विच लावला तर ३.५ च्या जागी १ जातो, एकूण ७.४ होतात आणि ३.१ शिल्लक राहतात. ही झाली एकास एक पद्धत. पण आता दोन्ही टोकं एकाच वेळी वळायला हवीत. राजारामपुरीचा स्विच दुसऱ्या वाटेवर गेला आणि शिरोलीचा पहिल्यावरच राहिला तर दोन्ही वाटा चांगल्या असूनही लिंक बंद. त्यामुळे दोन्ही खोक्यांना एकमेकांशी बोलण्याची सोय लागते. माझं मत विचाराल तर नवशिक्याने एक अधिक एकच घ्यावं आणि जास्त ताकदीचं मॉड्यूल लावावं. मॉड्यूल बदलणं दोन टोकांचा ताळमेळ जुळवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

हिशेब लांबच्या वाटेचा करायचा हे विसरू नका. मुख्य वाट ८ किलोमीटरची आणि पर्यायी १४ ची असेल तर नुसत्या फायबरचे २.१ डीबी जास्त जातात. उलटही होतं: लांबच्या वाटेसाठी ४० किलोमीटरचं मॉड्यूल घेतलं आणि जवळच्या वाटेने इतका उजेड आला की समोरचा रिसीव्हर दिपला. अशा वेळी जवळच्या वाटेवर, स्विचच्या अलीकडे ॲटेन्युएटर लावून दोन्ही वाटा एका पातळीला आणायच्या.

पायरी ३: स्विच निवडताना एकच प्रश्न विचारा

प्रकार बरेच आहेत. आत छोटं प्रिझम किंवा आरसा रिलेसारखा हलतो तो मेकॅनिकल. सिलिकॉनवर कोरलेले बारीक आरसे हलतात ते मेम्स. काच किंचित तापवून तिचा अपवर्तनांक बदलतात ते थर्मो-ऑप्टिक. विजेच्या दाबाने तेच काम नॅनोसेकंदात करतात ते लिथियम नायोबेटचे इलेक्ट्रो-ऑप्टिक. तुमच्या कामाला मेकॅनिकल पुरतो. स्वस्त, लॉस कमी, आणि वळायला काही मिलिसेकंद, म्हणजे १० च्या आसपास किंवा त्याहून कमी.

खरा प्रश्न असा: वीज गेली की तो काय करतो? लॅचिंग असेल तर जिथे होता तिथेच राहतो. नॉन-लॅचिंग असेल तर ठरलेल्या जागी परत येतो. बायपाससाठी नॉन-लॅचिंगच हवा, कारण वीज गेल्यावर यंत्राला वगळून उजेड पुढे जावा हाच तर त्याचा उद्देश. तिथे लॅचिंग बसवला तर वीज गेल्यावर तो मेलेल्या यंत्राकडेच तोंड करून बसेल आणि पुढची सगळी साखळी अंधारात. याउलट ओटीडीआर फिरवायला किंवा वाटा निवडायला लॅचिंग बरा. वीज आली-गेली तरी चालू वाट हलत नाही.

बायपासमध्ये आणखी एक मेख आहे. मधलं यंत्र वगळलं की दोन टप्प्यांचा लॉस एकत्र येतो. आधी ६ आणि ७ डीबीचे दोन वेगळे टप्पे होते, आता स्विचसकट १४ चा एकच. मॉड्यूल तेवढं ऐकणारं नसेल तर बायपास वळूनही उपयोग शून्य.

माहितीपत्रकात बाकी बघायचं ते थोडक्यात: सिंगल मोडचा (बारीक गाभ्याच्या फायबरचा) आहे ना, तुमच्या तरंगलांबीला चालतो ना (काही फक्त १५५० साठी असतात), लॉस १ डीबीच्या आत आहे ना, बंद फाट्यातून झिरपणारा उजेड ५० डीबीने तरी खाली आहे ना. जीपॉनसारखा एकाच कोरमधून दोन्हीकडचा उजेड जाणार असेल तर १३१० आणि १४९० दोन्ही लिहिलेले हवेत.

पायरी ४: डोळे आणि कनेक्टर

आपण वापरतो तो उजेड दिसत नाही. दिसत नाही म्हणून नाही असं धरू नका. कोरच्या तोंडाकडे बघायचं नाही, चालू आहे का ते मीटरने बघायचं. व्हीएफएलचा (तुटलेली जागा शोधायच्या लेझरचा) लाल उजेड दिसतो, पण तोही डोळ्यात घ्यायचा नाही.

आता साफसफाई. सिंगल मोडचा गाभा ९ मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. शिरोलीच्या फौंड्रीजवळ रॅक असेल तर काळी बारीक धूळ सगळीकडे. गळीत हंगामात कारखान्याची काजळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, तशीच ती उघड्या कॅबिनेटमध्येही पडते. त्या काजळीचा एक कण गाभ्यावर बसला की तुमचा ०.५ डीबीचा कनेक्टर २ डीबीचा होतो. आणि मळलेलं तोंड स्विचच्या पोर्टात खुपसलं तर तो कण दोन्ही काचांमध्ये चिरडतो आणि ओरखडा कायमचा राहतो. पॅचकॉर्ड (दोन्हीकडे कनेक्टर असलेला सुटा तुकडा) फेकून देता येतो, स्विचचा पिगटेल (त्याला कायमची लागलेली फायबरची शेपटी) कापून पुन्हा स्प्लाइस करत बसावं लागतं.

म्हणून सवय लावा: टोपी काढली, क्लिक-क्लीनर दाबला, छोट्या मायक्रोस्कोपने बघितलं, मगच जोडलं. शर्टाच्या टोकाने पुसणं बंद. फुंकर मारणं तर आधी बंद, तोंडातली वाफ काचेवर बसते. क्लीनर नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारा कागद. ओला पुसून लगेच कोरडा पुसायचा. आणि हिरवा कनेक्टर हिरव्यालाच. हिरव्याचं तोंड ८ अंशात तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं जवळपास सपाट. दोघांना जबरदस्तीने जोडलं की मध्ये फट राहते, लॉस वाढतो आणि तोंडं खराब होतात ती वेगळीच.

पायरी ५: बसवण्याआधी टेबलावर खेळवा

नवा स्विच थेट रॅकमध्ये नेऊ नका. एक संध्याकाळ त्याच्यासोबत टेबलावर बसा. उघडा स्विच काडेपेटीपेक्षा लहान असतो. एका बाजूने सामाईक फायबर, दुसरीकडून दोन फाटे, आणि खाली पिनांच्या दोन ओळी. यातल्या काही पिना कॉइलच्या, काही नुसत्या खबर देणाऱ्या, म्हणजे आत्ता तोंड कुठल्या फाट्याकडे आहे ते सांगणाऱ्या. पिनांचा नकाशा माहितीपत्रकातूनच घ्या, दिसायला सारखं म्हणून दुसऱ्या कंपनीचा वापरू नका.

आधी लाइट सोर्स आणि मीटर एका पॅचकॉर्डने थेट जोडा. जो आकडा येईल तो संदर्भ म्हणून मीटरमध्ये साठवा, म्हणजे मीटर शून्य दाखवेल. मग मध्ये स्विच घाला: सोर्स सामाईक टोकाला, मीटर पहिल्या फाट्याला. आता जो आकडा दिसेल तो लॉस. समजा ०.७ आला. तो तुम्ही घातलेल्या जास्तीच्या जोडासकटचा आहे हे लक्षात ठेवा.

कॉइलला ५ व्होल्ट द्यायचे असतील तर आर्दुइनोच्या (छोट्या कंट्रोलर बोर्डच्या) पिनेवरून थेट देऊ नका, तेवढा करंट तिला झेपत नाही. मध्ये ट्रान्झिस्टर घाला आणि कॉइलला उलटा डायोड लावा, रिलेला लावतो तसाच. लॅचिंग असेल तर नुसता छोटा धक्का पुरतो. पुरवठा चालूच ठेवला तर कॉइल तापते. धक्का दिला की कान देऊन ऐका. मेकॅनिकल स्विच बारीक टिक करतो. ती टिक आली आणि मीटर एकदम तळाला गेला की समजा तोंड फिरलं. मीटर दुसऱ्या फाट्यावर नेऊन तिथलाही लॉस लिहा.

मग पहिल्याच फाट्यावर मीटर ठेवून, तोंड दुसरीकडे असताना काय दिसतं ते बघा. बहुतेक मीटर नुसतं लो दाखवतात आणि तेच हवंय. तिथे ३० डीबी खाली असा काही आकडा दिसला तर बंद दारातून पाणी झिरपतंय, तो नग परत करा.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे पण करा: वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे वळवा आणि दर वेळी आकडा लिहा. चांगला स्विच ०.१ डीबीच्या आत त्याच जागी परत येतो. शेवटी चालू असताना वीज काढून घ्या आणि तो लॅचिंग आहे की नाही याची खातरजमा डोळ्यांनी करा. खोक्यावर एक छापलेलं आणि आत दुसरंच, हे मी एकदा पाहिलंय.

हेच सगळं १५५० ला पुन्हा. फायबर कुठे वळलं-दुमडलं असेल तर १५५० ला लॉस १३१० पेक्षा जास्त दिसतो. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर स्विचला दोष देण्याआधी पिगटेल कसा गुंडाळलाय ते बघा.

पायरी ६: दोन वाटा खरंच दोन आहेत का, ते पायी फिरून बघा

माझी जुनी गोष्ट सांगतो. एका ग्राहकाला मी मोठ्या थाटात दोन वाटांची जोडणी करून दिली होती. मुख्य वाट निळ्या कोरवर, पर्यायी नारिंगी कोरवर. दोन्ही कोर एकाच २४ कोरच्या केबलमध्ये. मला वाटलं, एक कोर तुटली तर दुसरी आहेच. पुढे गटारीची खुदाई निघाली आणि अख्खी केबल गेली. स्विचने आपलं काम चोख केलं: मेलेल्या वाटेवरून मेलेल्या वाटेवर मिलिसेकंदांत वळला.

त्यानंतर दोन वेगळ्या केबली घ्यायला लागलो. पण कोल्हापुरात तेवढ्यानेही भागत नाही, कारण शहर आणि शिरोली यांच्या मध्ये पंचगंगा आहे. दोन केबली दोन कंपन्यांकडून घेतल्या आणि दोन्ही महामार्गाच्या एकाच पुलावरून गेल्या असतील तर ती एकच वाट. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैतही तेच झालं. कसबा बावड्याहून शियेकडे जाणारी वाट वेगळी खरी, पण तीही पुरात बुडते.

पाण्याने काच विरघळत नाही. केबल पाण्याखाली काही दिवस निमूट चालतेही. जातात ते बाकीचे: सखल भागातला रॅक, त्याची बॅटरी, झाकण नीट न बसवलेला जॉइंट क्लोजर, आणि प्रवाहात कललेला खांब. तिथे माणूस पोहोचू शकत नाही हे सगळ्यात वाईट. म्हणून पुराच्या पट्ट्यातल्या ठिकाणी यंत्र ठेवणं टाळा, टाळता येत नसेल तर तिथेच नॉन-लॅचिंग बायपास लावा. त्याचा पैसा एका पुरात वसूल होतो.

नकाशावर विश्वास ठेवू नका. दोन्ही वाटांवरून एकदा गाडीने आणि जिथे शंका येईल तिथे पायी जा. कुठल्या खांबावर दोन्ही केबली एकत्र येतात, कुठल्या चेंबरमध्ये शेजारी-शेजारी झोपतात, ते वहीत लिहा. बहुतेक वेळा दोन्ही केबली इमारतीत एकाच भोकातून शिरतात, हे ध्यानात येत नाही.

पायरी ७: कधी वळायचं, कधी परतायचं

तयार ओएलपी खोक्यात (उजेड कमी झाला की आपोआप वाट बदलणाऱ्या) दोनच सेटिंग महत्त्वाची. एक, उजेड कितीच्या खाली गेला की वळायचं. नेहमीचा आकडा मायनस १५ असेल आणि रिसीव्हर मायनस २० पर्यंत ऐकत असेल तर मी उंबरठा मायनस १८ ठेवतो. मायनस १९.५ वर ठेवला तर चुका सुरू झाल्या तरी खोकं गप्प बसेल. मायनस १६ वर ठेवला तर कुणी रॅकचं दार आपटलं तरी वळेल.

दुसरं, मुख्य वाट दुरुस्त झाल्यावर परत यायचं की नाही. लगेच परतण्यावर ठेवू नका. स्प्लायसिंगवाला जोड लावताना उजेड दहा वेळा येतो-जातो आणि स्विच पिंगपाँग खेळतो. निदान पाच मिनिटं वाट सलग चांगली राहिली तरच परत, असं ठेवा. मी तर आपोआप परतणं बंदच ठेवतो आणि पहाटे हाताने वळवतो.

आता एक फसगत. खोक्यावर ५० मिलिसेकंदांच्या आत वळण्याची हमी असते आणि ती खरीही असते. तरी ग्राहकाचं नेट अर्धा मिनिट गेलं. दोन तास मी ऑप्टिकल स्विचला शिव्या घातल्या. दोष होता पलीकडच्या नेटवर्क स्विचमध्ये. क्षणभर उजेड गेला, त्याने पोर्ट पडला असं धरलं, आणि जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री (डेटा गोल गोल फिरू नये म्हणून पोर्ट अडवणारी सोय) पोर्ट पुन्हा उघडायला १५ आणि १५ अशी ३० सेकंदं घेत बसलं. नवीन रॅपिड पद्धत चालू केली, आणि लिंक पडल्याची नोंद घ्यायला पोर्टला थोडा उशीर लावला, तेव्हा ते थांबलं. जीपॉनमध्ये वाटेची लांबी बदलली की ओएनटीचं (ग्राहकाच्या घरच्या यंत्राचं) अंतर नव्याने मोजावं लागतं. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात आणि सहा किलोमीटरचा फरक त्याला खूप असतो. तिथे काही क्षण लाल लाइट लागणार हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवा.

पायरी ८: महिन्यातून एकदा मुद्दाम वळवा

पर्यायी वाट रोज वापरात नसते, म्हणून ती कधी मेली हे कळत नाही. एक अधिक एक पद्धतीत दोन्ही वाटांचा उजेड खोक्यावर दिसतो, तो नुसता वाचून लिहिला तरी चालतो. एकास एकमध्ये वळवूनच बघावं लागतं. ग्राहकाला निरोप देऊन पहाटे तीनला वळवायचं, दहा मिनिटं त्या वाटेवर चालवायचं, परत यायचं. रॅकच्या दाराला आतून एक वही बांधलेली असावी: तारीख, पहिली वाट, दुसरी वाट, कोणी बघितलं.

सुरुवातीला ज्या पोराने सेन्सर आणला होता, ती वही आता तोच सांभाळतो. गेल्या पावसाळ्याआधी त्याने फोन केला. पर्यायी वाट तीन महिने मायनस १६.२ वर होती ती मायनस १८.९ वर आली होती. लिंक चालू होती, कुणाची तक्रार नव्हती. १३१० ला फरक अगदी थोडा आणि १५५० ला मोठा, म्हणजे कुठेतरी केबल दुमडलेली. ओटीडीआरने अंतर काढलं आणि बावड्याच्या बाजूचा एक खांब सापडला. कुणीतरी स्वतःची नवी केबल ओढताना आमची बाइंडिंग वायरने करकचून आवळली होती. पोराने वर चढून वायर कापली, केबल सैल सोडली, आणि खाली उतरायच्या आत ऑफिसातून आकडा सांगितला: मायनस १६.३.